चिखल वाळला का? माणगावात उतरणाऱ्या एका वाड्याचं प्रकरण

दसरा झाला की आमच्या घरी एक फोन ठरलेला असतो. पलीकडून मामा बरं हाय का, पोरंबाळं कशी हायत वगैरे काही न विचारता थेट म्हणतात, "दादा, चिखल वाळला का?" बाबा फोन कानाला लावून तसेच पडवीतून खाचराकडे बघतात आणि म्हणतात, नाही मामा, अजून घोटा बुडतोय. झालं, फोन कट. चार दिवसांनी परत तोच प्रश्न.

मामा म्हणजे फलटण तालुक्यातले मेंढपाळ धनगर. त्यांचा वाडा आमच्या आजोबांच्या वेळेपासून आमच्या शेतात उतरतोय. वाडा म्हणजे घर नव्हे, बरोबर चालणाऱ्या बिऱ्हाडांचा ताफा. मामांचा चार बिऱ्हाडांचा आहे, मेंढरं सगळी मिळून तीनशेच्या आत, दोन घोडी, तीन कुत्री आणि घोडीच्या पाठीवर बांधलेल्या कोंबड्या. आमचं गाव माणगाव तालुक्यात, गोरेगाव-लोणेरे पट्ट्यात, हायवेपासून फार आत नाही. मी पनवेलला नोकरी करतो, शनिवार-रविवार गावी, त्यामुळे अर्धं बघितलेलं आणि अर्धं आईबाबांकडून ऐकलेलं आहे. बाबांना कॅलेंडरवर लिहायची सवय आहे, गाय व्यायली, बिल भरलं, वाडा आला, वाडा गेला, असं सगळं त्या चौकोनात बारीक अक्षरात. मागच्या गणपतीत माळ्यावरून ती जुनी कॅलेंडरं काढून बसलो आणि वाटलं हे नीट लिहून काढावं. मामांना विचारलं तर म्हणाले लिव्ह की, पण गावाचं नाव आणि तळ कुठं पडतो ते टाकू नको, चोर बसल्यात टपून. म्हणून नावं नाहीत.

जमायचं कसं आणि कशावर

आधी एक गोष्ट सांगतो कारण मुंबईच्या मित्रांना हे समजत नाही. कोकणात मेंढी बारमाही राहूच शकत नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, फलटणकडे पाचशेच्या आसपास. ओल्यात मेंढीचे खुर सडतात, लोकर वाळत नाही, पोटात जंत होतात. इथल्या डोंगरात राहणारे गवळी धनगर म्हशी पाळतात ते त्याचमुळे, म्हशीला पाऊस चालतो. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटजातींचा अभ्यास केला तेव्हा हेच दाखवलं होतं, की कुणी काय पाळायचं आणि कुठे फिरायचं हे पावसाने वाटून दिलंय, एकाने दुसऱ्याच्या चाऱ्यात तोंड घालायचं नाही. तर मेंढीवाले पावसाळ्यात वर देशावर, आणि भात कापून झालं की घाट उतरून खाली. वाटेत लोणंद, शिरवळ, भोर, मग वरंध घाट, महाड, आणि आमच्याकडे. शिमगा झाला की हळूहळू परतीला लागायचं, अक्षय्य तृतीयेच्या आसपास घाटावर.

खाली येण्यात दोघांचा फायदा. त्यांना भाताची खोडकं, बांधावरचं गवत आणि पाणी. आम्हाला खत. रात्री खाचरात वाघर लावायची, वाघर म्हणजे दोरीची जाळी, त्यात मेंढरं बसवायची, दुसऱ्या रात्री जाळी पुढे सरकवायची. लेंडी पडते, मूत मुरतं, आणि खुरांनी ते सगळं मातीत दाबलं जातं. मेंढरं बसलेलं खाचर पुढची दोन वर्षं लांबूनच ओळखू येतं, भाताचा रंग काळपट हिरवा. आजोबांच्या वेळी रात्रीच्या हिशोबाने पायलीने भात द्यायचे, आता रोख, वर तांदूळ आणि दोन वेळचा चहा. आईचं आणि वाड्यातल्या थोरल्या मावशींचं वेगळंच खातं आहे, त्यात कडवे वाल आणि सुकी मच्छी इकडून जाते आणि बाजरी आणि चटणी तिकडून येते, ते बाबांच्या हिशोबात कधी लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं दोन-तीन आठवड्यांच्या एका फटीत बसवलेलं आहे. भात कापून, भारे उचलून खाचर मोकळं होतं, आणि जमिनीतली ओल असेपर्यंत त्यात वाल पेरायचा असतो. कापणी आणि पेरणी यांच्यामधे जे दिवस, ते मेंढरांचे. वाड्याने त्याच्या आधी येऊन चालत नाही कारण भात उभं, आणि नंतर येऊन चालत नाही कारण वाल उगवलेला आणि मेंढीला वालाचा कोंब म्हणजे पेढा. जुन्या कॅलेंडरांत "वाडा आला" हे दिवाळीच्या पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांत दिसतं, एखाद वर्ष इकडेतिकडे. बाबा म्हणतात तेव्हा फोनच नव्हता, विचारायची गरजच नव्हती, भाऊबीज झाली की कान त्या बाजूला लावायचे, कुत्री भुंकली की समजायचं.

बिघडायला कधी लागलं

मी हवामानतज्ज्ञ नाही, त्यामुळे सगळं काही हवामान बदलामुळेच असं म्हणणार नाही. पण २०१९ पासून पुढची कॅलेंडरं बघितली तर त्या फटीत पाऊस घुसलाय हे दिसतं. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस अरबी समुद्रात क्यार वादळ झालं, ते किनाऱ्यावर आलं नाही पण पाऊस ऐन दिवाळीत, कापलेलं भात खाचरातच पडून कोंब आले. पाठोपाठ महा वादळ. भाताचे भारे उचलायलाच नोव्हेंबरचा मध्य उलटला आणि बाबांनी घाईघाईत वाल टाकून दिला. वाडा भोरच्या बाजूला थांबून राहिला, २८ नोव्हेंबरला उतरला, तोवर खालच्या चारही खाचरांत पेरणी झालेली. त्या वर्षी पहिल्यांदा बाबा आणि मामांची बोलाचाली झाली. मामा म्हणाले आमची जागा ठेवायची की दादा, बाबा म्हणाले पाऊस काय मी पाडला का. दोघंही बरोबर.

२०२० ला मार्चमधे लॉकडाऊन, वाडा आमच्याकडेच अडकला, आणि एरवी गोड बोलणाऱ्या गावानेच त्यांना दुकानात यायला बंदी केली. जाऊ दे. मग ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं. वाडा तोवर वर पोचलेला होता, पण इकडे झाडं आडवी झाली, घरांचे पत्रे गेले, आणि त्याचा परिणाम मेंढरांवर उशिरा दिसला. आमच्या आजूबाजूला आंबा-काजूच्या ज्या बागा पडल्या तिथे लोकांनी नवी कलमं लावली. जुन्या मोठ्या झाडांखाली मेंढरं चरलेली मालकाला चालायची, उलट तण जायचं. कोवळ्या कलमाला मेंढी सोडणार कोण? तारेची कुंपणं आली. आधीच १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हापासून वरकसं, म्हणजे भात न होणारी उंचावरची माळजमीन, भराभर काजू-आंब्याखाली गेलेली होती, म्हणजे चराऊ जमीन तेव्हापासूनच आकसत होती, निसर्गने उरलेल्या जुन्या बागाही बंद केल्या.

१ डिसेंबर २०२१ ची रात्र

त्या वर्षी जुलैत कोकणाची काय दशा झाली ते सगळ्यांना माहीत आहे, चिपळूण बुडालं, तळियेवर डोंगर आला. वरंध घाट खचला. त्यामुळे वाडा नोव्हेंबरात लांबचा फेरा घालून ताम्हिणी घाटाने आला, कोकरं आणि म्हाताऱ्या बाया पिकअपने, मेंढरं पायी. आमच्याकडे पोचायला आठवडा जास्त लागला. खालची खाचरं परत पेरलेली, म्हणून बाबांनी मधल्या दोन खाचरांत तळ दिला.

१ तारखेला दुपारपासून भुरभुर आणि संध्याकाळी चक्क जुलैसारखा. मी नेमका सुट्टी घेऊन घरी होतो. नऊच्या सुमाराला मामांचा मोठा मुलगा ओट्यावर आला, नखशिखांत भिजलेला, म्हणाला दादा खाचरात पाणी साठायलंय. बॅटऱ्या घेऊन गेलो. खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध, ते पाणी धरायलाच केलेलं असतं, त्याचा काय दोष. मेंढरं सगळी एकमेकांत डोकी खुपसून उभी, जाळी भिजून जड झालेली, आणि एकही जागची हलेना. अंधारात पाण्यातून मेंढी चालत नाही, कितीही ढकला. बाबांनी कुदळीने बांध फोडला, पाणी थोडं उतरलं. मग थोरल्या मावशींनी घोडीचा कासरा धरला आणि पुढे झाल्या, तोंडाने तो त्यांचा ठरलेला आवाज काढत, आणि घोडीच्या मागून एक म्हातारी मेंढी निघाली आणि तिच्या मागे सगळी रांग. मी जन्मात विसरणार नाही ते.

नेलं कुठे? वरकसावर. आमच्या खाचरांच्या वर दीड-एक एकर कातळ आणि गवत आहे, पीक म्हणून शून्य, पूर्वी गवत कापून विकायचो तेही आता कुणी घेत नाही. पण कातळावर पाणी ठरत नाही, सरळ वाहून जातं, आणि एका बाजूला करवंदाच्या जाळ्या आहेत त्याचा वाऱ्याला आडोसा. मेंढरं रात्रभर तिथे उभी राहिली. कोकरं डालग्यांत घालून आमच्या गोठ्यात आणि मग गोठा भरला तेव्हा माजघरात. आईने चुलीत लाकडं सारली, गोणपाटं अंथरली. ओल्या लोकरीचा तो वास घरात पुढे आठवडाभर होता. मावशी एक एक कोकरू उचलून त्याच्या तोंडात बोट घालून बघत होत्या, तोंड गार लागलं की ते चुलीजवळ, गरम असलं की मागे. थर्मामीटर तोच.

सकाळी मोजलं तर नऊ कोकरं आणि चार मोठ्या मेंढ्या गेल्या. पाण्याने नाही, गारठ्याने. दसऱ्याला लोकर कातरलेली, अंगावर बोटभरही केस नाहीत, वर पाऊस आणि वारा. पुणे आणि नगर जिल्ह्यात त्याच दोन दिवसांत किती मेंढ्या मेल्या त्याच्या बातम्या नंतर वाचल्या, तिथे उघड्या माळावरच्या थंडीने मारलं. आमच्या पलीकडे हायवेच्या त्या अंगाला दुसरा एक वाडा होता, त्यांना जवळ उंच जागाच नव्हती, सगळीकडे प्लॉट पाडून कंपाउंड. त्यांची आमच्यापेक्षा बरीच जास्त गेली.

नुकसानभरपाईचं सांगतो, थोडक्यात, कारण आठवलं की डोकं फिरतं. तेव्हाच्या निकषात मेंढीमागे ३००० रुपये होते. एका कार्यालयात गेलो तर म्हणाले पंचनामा हवा आणि तुमचा पत्ता या तालुक्यातला नाही. पशुवैद्यकाचा दाखला हवा. तो आणायला गेलो तोवर मेलेली मेंढरं पुरलेली, कारण कुत्री आणि कोल्हे. फलटणला विचारलं तर म्हणे घटना तिकडे घडली. माणूस इकडचा, मेंढी तिकडे मेली, मग पैसे कुठले, तर कुठलेच नाहीत.

मग काय काय बदललं

त्या रात्रीनंतर मामांनी एक नियम केला आणि तो सगळ्या भावकीत पसरला. तळ ठरवताना आधी कातळ बघायचा, मग चारा. पूर्वी उलट होतं, चारा आणि पाणी बघून तळ. आता अंधारात घोडीच्या मागे दहा मिनिटांत पोचता येईल अशी उंच, पाणी न धरणारी, कुंपण नसलेली जागा नसेल तर चारा कितीही असू दे, तिथे बसत नाहीत. यामुळे त्यांची तीन-चार जुनी गावं सुटली. बिनकामाचं म्हणून लोक जे विकतात ते वरकस त्यांच्या दृष्टीने सगळ्यात किमती ठरलंय, हे मला तरी त्या रात्रीपर्यंत सुचलं नव्हतं.

आमच्या बाजूचा बदल बाबांनी केला, कुणाला न विचारता. वरच्या तीन खाचरांत हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात लावायला सुरुवात केली, कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या हळव्या जाती आमच्याकडे आधीपासून होत्याच, आणि खालच्या चारात गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, तसंच ठेवलं. हळवं आधी कापून होतं, पाणीही तिथून आधी उतरतं. त्या तीन खाचरांत आता वाल पेरत नाही, ती शिमग्यापर्यंत मेंढरांची. खालच्या खाचरांत वाल, तिथे मेंढरांनी यायचं नाही. म्हणजे जी फट वेळेत होती ती बाबांनी जागेत केली, असं म्हणा हवं तर. आईला हे पटलेलं नाही, वाल अर्ध्यावर आला, पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या बेताला, शेंगा विकत आणायची वेळ आली आणि रायगडात राहून वालाच्या शेंगा विकत घेणं म्हणजे आमच्याकडे अब्रूचा प्रश्न. त्यांचं भांडण अजून चालू आहे.

शेजारी विचारतात, एवढी कटकट कशाला, युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांत मिळते. बरोबरच आहे, खताच्या पैशात बघितलं तर मेंढरं परवडत नाहीत. पण हल्ली पाऊस पडतो तो एका दिवसात महिन्याचा, आणि टाकलेला युरिया पहिल्या झडीत नदीला जातो. लेंडी मातीत बसते, हळूहळू सुटते, जमीन भुसभुशीत राहते. बाबांचं म्हणणं, युरिया पावसावर भरवसा ठेवून टाकायचा असतो आणि आता तो भरवसा गेलाय. मी हिशोब करून बघितला नाही, खाचराचा रंग बघितलाय.

वाड्याच्या बाजूला बदल जास्त आहेत. कोकरं आणि गाभण मेंढ्या आता पायी उतरतच नाहीत, पिकअप ठरवतात, भाडं चार बिऱ्हाडांत वाटून. हायवे चौपदरी झाल्यापासून रात्री मेंढरं रस्त्याने नेणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यामुळेही. कळपाचे दोन भाग करतात, धाकटा भाऊ साठ-सत्तर मेंढरं घेऊन वरच राहतो, उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर आणि विकतच्या चाऱ्यावर, बाकीची खाली. एकीकडे बिघडलं तर सगळं जायला नको. वाघरीबरोबर निळे प्लास्टिकचे कागद आले, ते पावसाला बरे पण आत वाफ धरते, म्हणून चारी बाजू मोकळ्या ठेवून नुसतं छत करतात. घाट उतरायच्या आधी पीपीआर या साथीच्या रोगाची आणि आंत्रविषाराची लस, जंताचं औषध. खाचरात ओल रेंगाळली की बारक्या गोगलगायी राहतात आणि त्यांच्यामार्फत मेंढीच्या यकृतातला चपटा कृमी पसरतो, जबडा सुजून पाणी धरतो, मेंढी वाळत जाते. पूर्वी वाडा यायचा तोवर खाचर कोरडं ठक्क असायचं म्हणून हा त्रास कमी, आता सकाळी दव उडाल्याशिवाय मेंढरं सोडतच नाहीत आणि साठलेल्या पाण्याच्या कडेचं हिरवं कितीही लुसलुशीत दिसलं तरी काठी आडवी. खुरांसाठी घमेल्यात मोरचूदाचं पाणी करून त्यातून एकेक मेंढी काढतात. हे मी स्वतः केलंय, तीनशे मेंढ्या गुणिले चार पाय, कंबर गेली.

जातीवरून वाड्यात बापलेकांचं वाजतं. मामा काळ्या दख्खनी मेंढीवर ठाम, ती चालते, उपास काढते, कशातही तगते. पोरगा म्हणतो लोकरीला आता विचारतंय कोण, कातरायची मजुरी निघत नाही, घोंगडी घेणारे गेले, त्यापेक्षा माडग्याळ घेऊ, उंच, अंगाला भरते, लोणंदच्या बाजारात भाव मिळतो. दोन वर्षांपूर्वी माडग्याळचा नर आणला. त्याची पोरं दिसायला झोकदार आहेत पण कोकणच्या ओल्यात पहिली खोकतात ती तीच, असं मामांचं निरीक्षण, आणि ते सांगताना मामांना जरा आनंदच होतो. फलटणच्याच निंबकर संस्थेने दख्खनीत जुळी देणारं वाण तयार केलंय, नारी सुवर्णा, त्याबद्दल मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, जुळी झाली तर उचलायची कुणी, एक कोकरू काखेत घेऊन घाट चढता येतो, दोन घेऊन कसं चढायचं. मला यावर काही उत्तर सुचलं नाही. पिकअप आहे की असं म्हणणार होतो, पण पिकअप घाटात जातो, रोजच्या चार-पाच कोसांच्या चराईला नाही.

सरकारी योजना आहेत, नाही असं नाही. महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर ७५ टक्के अनुदानावर मिळतो, त्यात फिरत्या मेंढपाळांचीही सोय आहे. मामांच्या पुतण्याला नंबर लागला. चांगलंच आहे. पण मेंढ्या वाढल्या आणि उभं राहायची जागा कमी झाली तर गणित कुठे जातं तेही बघायला पाहिजे. २१ व्या पशुगणनेत पहिल्यांदाच फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद केली गेली. मामांना विचारलं तुमची झाली का, तर म्हणाले कुणीतरी मोबाईल घेऊन आला होता, तळ कुठला लिहू म्हणाला, म्हटलं आजचा लिही.

बागांचं थोडं सुधारलंय, हे सांगायला हवं. निसर्गनंतर लावलेली कलमं आता पाच वर्षांची झाली, आणि दोन बागायतदारांनी स्वतःहून वाड्याला बोलावलं, गवत काढायची मजुरी परवडत नाही म्हणून. यात एक गोम आहे. डिसेंबरपासून मोहोराला फवारण्या सुरू होतात, आणि अवकाळी पाऊस किंवा ढगाळ हवा झाली की फवारण्या वाढतात. औषध खालच्या गवतावर पडतं. एकदा दोन मेंढ्या तोंडाला फेस येऊन गेल्या. आता मामा बागेत पाय ठेवायच्या आधी रखवालदाराला दोन प्रश्न विचारतात, फवारणी कधी झाली आणि पंप कुठे धुता. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण पंप धुतलेलं पाणी ज्या डबक्यात जातं तिथेच मेंढरं पाणी प्यायला वाकतात.

२०२५ चा मे

सगळं जमवलं असं वाटत असतानाच २०२५ आलं. त्या वर्षी मामांना एप्रिलअखेरीसच घाई सुटली होती, कारण विचारलं तर म्हणाले मुंग्या अंडी घेऊन वर चालल्यात. मी हसलो. वाडा मेच्या पहिल्या आठवड्यात वरंधाने वर गेला. २५ मेला मान्सून तळकोकणात पोचला, गेल्या पस्तीस वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. आमच्याकडे लाकडं भरायची राहिली, पेंढा भिजला, राबाची, म्हणजे रोपांसाठी जमीन भाजायची, सगळी पंचाईत. मी मामांना फोन केला, तुमच्या मुंग्या जिंकल्या म्हणून. तर तिकडे तेच. त्याच दोन दिवसांत बारामती-फलटण पट्ट्यात असा पाऊस झाला की ओढे रस्त्यावर आले, नीरा डावा कालवा फुटला. मेंढरं घेऊन मामा एका शाळेच्या मैदानात उभे होते. म्हणाले, खाली असतो तर तुझ्या कातळावर तरी गेलो असतो, हितं समदा ऊस, उंचावर बी ऊस. पाच मेंढ्या गेल्या. मुंग्यांना कोकणातलं कळलं, फलटणचं नाही कळलं.

हे प्रकरण म्हणून बघताना मला हाच भाग सगळ्यात अवघड वाटतो. वाड्याची सगळी अक्कल ही एका जागी वाईट झालं की दुसऱ्या जागी जायचं, यावर उभी आहे. दोन्ही जागी एकाच दिवशी पाऊस आला तर चालून काय उपयोग? तेव्हा उपयोग होतो तो फक्त हाताशी असलेल्या मोकळ्या उंच जमिनीचा, आणि ती देशावर उसाने खाल्ली, कोकणात कुंपणाने.

आता आमचीच गोष्ट घ्या. त्या वरकसाच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. तीन चुलते मुंबईला, एक आत्या पुण्याला. मुंबईच्या एका पार्टीला फार्महाऊससाठी जागा हवी आहे, व्ह्यू आहे म्हणे, नदी दिसते. चुलत्यांचं म्हणणं, त्यावर पिकत काहीच नाही, वर्षातून चार महिने धनगर बसतात, त्याचे किती येतात? बाबांनी त्यांना १ डिसेंबरची गोष्ट सांगितली. धाकटे काका म्हणाले, दादा, तेरा मेंढ्यांसाठी जमीन अडकवून ठेवायची का. त्यांचंही चुकतं असं नाही, त्यांच्या मुलीचं लग्न आहे.

बाबांनी सुचवलंय की करवंदाच्या बाजूचा वीस गुंठ्यांचा कातळ बाजूला काढा, माझ्या हिश्श्यात तोच द्या, खालचं काय ते तुम्ही विका. पार्टीला नेमका तोच कोपरा हवा आहे कारण नदी तिथूनच दिसते. मामांना हे शिमग्याला कळलं. ते जाऊन कातळावर थोडा वेळ उभे राहिले, मग आले आणि बाबांना म्हणाले, आमी पैसं भरलं तर आमचं नाव लागंल का त्याच्यावर? बाबा म्हणाले, मामा, अकरा नावं आहेत, बाराव्याला जागा कुठाय. दोघंही हसले, आणि मावशींनी मात्र विचारलं की मग लिहून तरी द्याल का स्टॅम्पावर, बसायचं तेवढं.

त्यावर बाबा काही बोलले नाहीत. चुलत्यांनी मोजणीची फी भरली आहे, तारीख अजून आलेली नाही.